पालकाची सही

अंबादास मिरजकर सरांनी आयुष्यातली पहिली कोलांटी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मारली, आणि तीही अर्धीच झाली. उरलेली अर्धी दोन तरुण वर्गमित्रांनी त्यांचे पाय धरून पूर्ण केली. सर उठून बसले, गवतात चष्मा शोधला, तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि गुण देणाऱ्या प्रशिक्षकांना म्हणाले की चित्रकलेत अर्धवट रेखाटनालाही गुण असतात. प्रशिक्षकांनी दहापैकी तीन दिले. पहिल्या दिवशी सगळा वर्ग त्यांना सर म्हणत होता. कोलांटीनंतर काका म्हणू लागला.

सर मूळचे चित्रकलेचे. मंगळवार पेठेतल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी मुलांना माठ, सफरचंद आणि केळ्याचा घड काढायला शिकवलं होतं. खेळाशी त्यांचा संबंध कॅरमपुरता, त्यातही बोर्डावर पावडर टाकण्यापुरता. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून एक कागद पुढं ठेवला. मुलांची संख्या घटली होती, चित्रकलेचे तास निम्म्यावर आले होते, आणि येत्या जूनमध्ये सर अतिरिक्त शिक्षक ठरणार होते. अतिरिक्त शिक्षकाला घरी बसवत नाहीत, जागा रिकामी असेल तिथं पाठवतात. रिकामी जागा होती ती चंदगड तालुक्याच्या पार टोकाला, जिथं कर्नाटकातला कोंबडा आरवला तरी ऐकू येतो. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आई होत्या. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्कांनी तो कागद न बघताच सांगितलं की अंबाबाईच्या देवळाची घंटा जिथं ऐकू येत नाही तिथं त्या राहायला येणार नाहीत.

वाट एकच होती. शाळेतली शारीरिक शिक्षणाची जागा रिकामी होती. पंधरा जूनच्या आत सरांनी शारीरिक शिक्षण आणि क्रीडा मार्गदर्शनाचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणून दिलं, तर दोन्ही विषयांचे तास जमेला धरून त्यांना आहे तिथंच ठेवता येणार होतं. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, शनिवार-रविवारचा, कागल रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात. सरांच्या पत्नी मीनाक्षीवहिनींनी त्याच संध्याकाळी त्यांना पांढरे बूट आणून दिले. बूट एक नंबर मोठे होते. वाढत्या अंगाच्या मुलाला आणल्यासारखे आणलेत, असं सर म्हणाले, पण परत करायला गेले नाहीत.

कोलांटीचं एक झालं. दुसरी अडचण आवाजाची. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला हुकूम देता यावा लागतो, आणि सरांचा ‘सावधान’ हा चित्राखाली बारीक अक्षरात नाव लिहावं तसा निघायचा. प्रशिक्षकांनी रोज सराव करायला सांगितलं, म्हणून सर सकाळी सहाला गच्चीवर उभं राहून समोरच्या पाण्याच्या टाकीला सावधान करू लागले. तिसऱ्या दिवशी खालच्या घरातले हंबीरराव जिना चढून वर आले.

हंबीरराव म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर, वय अडुसष्ट. उभी हयात त्यांनी पुढच्या दाराशी उभं राहून मागच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारलं होतं. तरुणपणी पेठेतल्या चाफा तालमीच्या फुटबॉल संघाचे ते गोलकीपर होते, आणि या गोष्टीचा उल्लेख ते दिवसातून एकदा तरी करत. त्यांनी सरांचा एक हुकूम ऐकला आणि मान हलवली.

“सर, आवाज गळ्यातनं काढू नका, बेंबीतनं काढा. आन् हुकूम दिल्यावर म्होरच्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाय. बघितलं की त्यो इचार करायला लागतोय.”

मग नमुना म्हणून त्यांनी स्वतः एकदा ‘सावधान’ म्हणून दाखवलं. खाली गल्लीत दूधवाल्यानं हातातली कासंडी खाली ठेवली. समोरच्या घरातले निवृत्त जमादार झोपेतून उठून खाटेशेजारी टाचा जुळवून उभे राहिले. आक्कांनी आतून विचारलं, कोण मंत्री आलाय का. सर खिन्न झाले. त्यांना वाटलं, हा अभ्यासक्रम हंबीररावांनीच करायला हवा होता.

एका गोष्टीत मात्र सरांनी सगळ्या वर्गाला मागं टाकलं, ते सांगायला हवं. ती गोष्ट म्हणजे मैदान आखणी. मैदानावर रेषा मारायला जी पांढरी पूड वापरतात तिला फक्की म्हणतात. इतर मुलं दोरी धरून, वाकून, भांडून रेषा मारत, आणि तरीही त्यांची रेषा प्यायलेल्या माणसासारखी जाई. सर पातेल्यात फक्की घेऊन सरळ चालत निघत. फुटबॉलच्या गोलसमोरच्या डीचा अर्धगोल त्यांनी हातानं, दोरीशिवाय काढला. प्रशिक्षकांनी टेपनं तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा बरोबर आला. फक्त कोपऱ्यांवर सरांनी न विचारता एकेक बेलाचं पान काढलं होतं, त्याबद्दल अर्धा गुण कापला गेला. सगळी मोजमापं त्यांनी घोकली होती. गोलच्या दोन खांबांत किती अंतर, आडवा बार किती उंच, जाळीचे खुंटे कुठं, सगळं. खेळता येत नसलं तरी खेळ कुठं खेळायचा ते त्यांना मिलिमीटरपर्यंत ठाऊक होतं.

आता अखेरचा पाठ तेवढा राहिला. परीक्षार्थीनं बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर पस्तीस मिनिटं वर्गाला एक कौशल्य शिकवायचं. सरांच्या चिठ्ठीवर आलं, फुटबॉल, पायाच्या आतल्या बाजूनं पास देणे, इयत्ता आठवी. सरांनी पाठाचं टाचण इतकं देखणं लिहिलं की मुलं त्याचे फोटो काढून घेऊन गेली. हा पाठ एप्रिलमध्ये व्हायचा होता. परीक्षकांच्या अडचणीमुळं तो दोनदा पुढं गेला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात येऊन पडला. सोबत सूचना आली: शाळांना सुट्टी असल्यामुळं विद्यार्थ्यांची व्यवस्था परीक्षार्थीनं स्वतः करावी. किमान संख्या वीस. पाठ न झाल्यास पुढची संधी नोव्हेंबरमध्ये.

नोव्हेंबरपर्यंत सर चंदगडच्या टोकाला जाऊन स्थिरस्थावर झाले असते.

सरांनी शाळेच्या पटावरचे सगळे नंबर फिरवले. मेमध्ये कोल्हापुरातली मुलं कोल्हापुरात नसतात, हे त्यांना तेव्हा कळलं. मुलं मामाकडं होती, आत्याकडं होती, पन्हाळ्याला शिबिराला होती. सहा जणांनी येतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाचे तीन झाले. तिसऱ्या दिवशी त्या तिघांच्या आयांचा फोन आला की उन्हाचं पोरांना नको. सर अंगणात डोकं धरून बसले, तेव्हा हंबीरराव पुन्हा आले आणि त्यांनी विचारलं की पोरंच कशाला पाहिजेत.

सर म्हणाले, आठवीचा वर्ग आहे.

हंबीरराव म्हणाले, “आमी समदे आठवीपातूर शिकलोयच की. माणसं देतो तुमाला.”

हंबीररावांची माणसं म्हणजे पेठेच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सात ते साडेनऊ बसणारा निवृत्तांचा कट्टा. सरांना हे पटलं नाही, पण नाही म्हणण्याइतके ते सुखात नव्हते. त्यांनी महाविद्यालयातल्या कारकुनाला, विश्वजितला, फोन करून वयाची अट विचारली. विश्वजितनं नियमावली उघडली, बराच वेळ पानं उलटली आणि सांगितलं की विद्यार्थ्याच्या वयाबद्दल काही लिहिलेलं नाही. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकाचं संमतीपत्र लागेल, मूळ प्रत, सहीसकट. सरांनी सांगितलं, माझे विद्यार्थी सत्तर वर्षांचे आहेत. विश्वजित म्हणाला, “विद्यार्थी आहेत ना? मग पालक पाहिजे.”

अशा रीतीनं मंगळवार पेठेत संमतीपत्रांची गडबड सुरू झाली. हंबीररावांची सून भैरवी बँकेत कामाला होती. तिनं कागद नीट वाचला, पालक म्हणून सही केली आणि खाली अटी घातल्या: पाल्यास उन्हात उभे करू नये, पाल्यास बीपीची गोळी आहे, पाल्याने बाहेरचे तेलकट खाऊ नये. हंबीररावांना हे सगळं कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं गेलं. जमादारांच्या बायकोनं ‘पाल्याची वर्तणूक’ या रकान्यासाठी जादा कागद मागून घेतला आणि पाठपोट भरला. चव्वेचाळीस वर्षांत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता, असं ती म्हणाली. एकाच्या नातीनं सही करायच्या आधी त्याच्याकडून मोबाईल जेवताना बघणार नाही असं कबूल करून घेतलं. सही नाही म्हणून चौघांना दोन दिवस घरात गप्प आणि गुणी राहावं लागलं. गल्लीतल्या बायकांना हा अभ्यासक्रम फार आवडला.

तरीही जुळले एकोणीस. विसावा मिळेना. तो मीनाक्षीवहिनींनी आणला.

मे म्हणजे घराघरात वर्षाची चटणी करायचा महिना, आणि वहिनींची मिरची गेली वीस वर्षं शेजारच्या पेठेतल्या बाळासोंच्या डंकावर कांडली जायची. बाळासो एक्काहत्तर वर्षांचे, बारीक, काटक, मिरचीच्या धुरळ्यानं कायमचे लाल झालेले डोळे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, स्वतः डंकाच्या मागच्या खोलीत एकटे. वहिनींनी मिरची उतरवताना सहज विषय काढला. बाळासो म्हणाले, फुटबॉल असेल तर येतो. संमतीपत्राचं म्हणाल तर मला पालक कोण? ते तिथं गेल्यावर बघू.

सरांनी आनंदानं ही बातमी हंबीररावांना दिली आणि हंबीररावांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

इथं सरांना जे माहीत नव्हतं आणि पेठेतल्या बाकी सगळ्यांना माहीत होतं ते सांगितलं पाहिजे. एकोणीसशे पंच्याऐंशीचा अंतिम सामना. एका बाजूला चाफा तालीम, दुसऱ्या बाजूला शेजारच्या पेठेची पाणवठा तालीम. शून्य शून्य. शेवटचं मिनिट. पाणवठ्याच्या बाळासोंनी मारलेला चेंडू आडव्या बारला लागून खाली आला, आणि हंबीररावांनी झेप घेऊन तो धरला. रेफ्रीनं गोल दिला. चेंडू रेषेच्या अलीकडंच होता असं हंबीररावांचं म्हणणं, आणि ते म्हणणं त्यांनी चाळीस वर्षं जपलं होतं. झेप घेताना उजव्या खांद्यात जाळीचा लोखंडी खुंटा घुसला होता. ती खूण ते अजून शर्टाची बटणं काढून दाखवत. खांदा फुटला पण चेंडू सोडला नाही, याचा तो पुरावा. त्या दिवसापासून ते बाळासोंशी बोलले नव्हते. त्यांच्या घरची मिरचीसुद्धा जवळचा डंक सोडून दोन मैलांवर जायची. भैरवी लग्न होऊन आली तेव्हा तिला घरातल्या चालीरीती सांगितल्या गेल्या, त्यात ही एक होती.

सर म्हणाले, मग राहू दे, मी जातो चंदगडला.

हंबीररावांनी ग्लास पुन्हा उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, “येऊ दे त्याला. मी त्याच्याकडं बघणार न्हाय. आक्कांसाठी म्हणून.”

पाठ सकाळी आठचा. शार्दूल नावाच्या टेम्पोवाल्याला सहाला बोलावलं होतं. टेम्पो साडेसहाला निघाला, कारण कट्ट्यावरच्या एकानं हलगी आणायला घरी माणूस पाठवला होता. सामन्याला टेम्पोतून जायचं आणि हलगी नाही हे कुणालाच बरं दिसेना. हा सामना नाही, पाठ आहे, असं सरांनी तीनदा सांगितलं. महामार्गाला लागल्यावर मिसळीचं दुकान दिसलं आणि टेम्पो न सांगताच थांबला. सरांनी घड्याळ दाखवलं. जमादार म्हणाले, उपाशीपोटी व्यायाम करू नये असं तुमच्याच पुस्तकात असेल. ते होतं, पान बावीसवर. हंबीररावांनी तेलकट खाऊ नये ही अट आठवून कट वेगळा मागितला आणि नंतर तोही प्यायले. बाळासो टेम्पोच्या मागच्या टोकाला आणि हंबीरराव ड्रायव्हरशेजारी, अशी बसायची व्यवस्था होती. मिसळीलाही दोघांच्या मध्ये चार टेबलं होती.

महाविद्यालयाच्या फाटकातून टेम्पो हलगी वाजवत आत शिरला तेव्हा आठ पस्तीस झाले होते.

परीक्षक संयोगिता मॅडम झाडाखाली खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर गुणपत्रक, चेहऱ्यावर काही नाही. टेम्पोतून एकामागून एक धोतरं, पायजमे आणि एक काठी उतरताना त्यांनी पाहिलं. मग त्यांनी टाचण उघडलं, ‘इयत्ता आठवी’ हे शब्द वाचले आणि पुन्हा टेम्पोकडं पाहिलं. सरांनी नियमावलीतलं वयाचं सांगितलं. मॅडमनी मान डोलावली आणि पेनाचं टोपण काढलं.

विश्वजितनं संमतीपत्रं मोजली. एकोणीस भरलेली, विसावं कोरं. बाळासोंनी पुण्याला मुलाला फोन लावून दिला. मुलगा म्हणाला, लगेच सही करून फोटो पाठवतो. विश्वजित म्हणाला, फोटो चालत नाही, मूळ प्रत लागते. परीक्षार्थीनं स्वतः पालक म्हणून सही केलेलीही चालत नाही, आणि विद्यार्थ्यानं स्वतःची तर नाहीच. एकोणीस विद्यार्थ्यांवर पाठ घेता येत नाही. सरांनी आखणीसाठी आणलेल्या पातेल्यातल्या फक्कीत बोटं घातली आणि ती हळूहळू गाळत उभे राहिले.

मॅडम म्हणाल्या, “पाठ घ्या. बाराला मी फाईल बंद करणार. तोवर सही आली तर गुण धरू, नाहीतर पाठ रद्द.”

पाठ सुरू झाला. सरांनी बेंबीतून हुकूम दिला आणि कुणाच्याही तोंडाकडं पाहिलं नाही, त्यामुळं कुणीही सावधान झालेलं नाही हे त्यांना जरा उशिरा कळलं. पूर्वव्यायामात हात फिरवताना तिघं खाली बसले. एकाला मिसळ आठवली. त्यानंतर टाचणात लिहिल्याप्रमाणं उंचीनुसार दोन ओळी समोरासमोर. आता गोलकीपर उंच असतो आणि हेडिंग घेणारा फॉरवर्डही. उंचीनं पहिले दोघं समोरासमोर आले ते हंबीरराव आणि बाळासो. सरांनी शिट्टी वाजवून पहिला चेंडू हंबीररावांकडं ढकलला.

हंबीररावांनी तो वाकून हातात घेतला आणि छातीशी धरला. सवयच ती.

सर म्हणाले, पायानं, काका, पायाच्या आतल्या बाजूनं, समोर.

हंबीरराव आभाळाकडं बघत उभे राहिले.

बाळासो समोरून म्हणाले, “सोड की आता. चाळीस वर्सं धरूनच बसलायस.”

हंबीररावांनी जमादारांकडं तोंड वळवलं. “त्याला सांगा, हातात घावलेल्या चेंडूला गोल म्हणत न्हाईत.”

“हातात घावला, पण जाळीत घावला.”

“रेषेवर घावला.”

मग ओळी राहिल्या नाहीत. बाकीच्या अठरा विद्यार्थ्यांपैकी अकरा जण तो सामना बघायला हजर होते आणि प्रत्येकानं तो वेगळा पाहिला होता. कुणी रेफ्रीच्या सासुरवाडीवर गेलं. ज्याची हलगी होती त्यानं ती घेतली. मॅडमनी घड्याळाकडं पाहून काहीतरी लिहिलं. सरांनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. पंधरा मिनिटं संपली होती.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सर वर्गावर कधी ओरडले नव्हते. वर्ग फार दंगा करू लागला की ते एकच करायचे. पाठ फिरवून फळ्यावर मुकाट्यानं काहीतरी काढायला लागायचे. काय निघतंय ते कळेना की मुलं आपोआप गप्प बसत. आत्ता त्यांनी दुसरं काही सुचेना म्हणून तेच केलं. फक्कीचं पातेलं उचललं, वर्गाकडं पाठ केली आणि मोकळ्या मातीवर रेषा मारायला लागले.

आधी एक लांब सरळ रेषा. तिच्यावर दोन ठिपके, सात मीटर बत्तीस सेंटिमीटरवर. मग मागं जाळीचा चौकोन. दोन-तीन म्हातारे बोलायचे थांबले. सरांनी रेफ्रीची आकृती काढली, तेव्हा एक जण म्हणाला, तो तिथं नव्हता, अजून मागं होता. सरांनी पुसून मागं काढली. बाळासो पुढं आले आणि त्यांनी आपली जागा पायानं दाखवली. ती जागा हंबीररावांनाही मान्य होती. हलगी थांबली. सगळे त्या चित्राभोवती गोल करून उभे राहिले, आणि मॅडम खुर्ची सोडून काठावर आल्या.

सरांनी हंबीररावांना विचारलं, तुम्ही कुठं पडला होता?

“उजव्या खांबापाशी. हितं. खांदा फुटला तितं.” असं म्हणून हंबीरराव बीपीची गोळी, भैरवीची अट सगळं विसरून मातीत आडवे झाले आणि हात लांब करून चेंडू पकडल्याचं दाखवलं. सर त्यांच्याभोवती फक्कीनं रेघ मारत गेले. अंग झालं, हात झाले, चेंडू झाला. मग चित्र पुरं करायचं म्हणून त्यांनी पुस्तकातल्या मापाप्रमाणं जाळीचे खुंटे काढले. खुंटे रेषेच्या मागं असतात. पहिला खुंटा रेषेपासून चांगला हातभर मागं पडला.

सर सवयीनं म्हणाले, खांदा खुंट्याला लागत नाहीये, काका, जरा मागं सरका.

हंबीरराव मागं सरकले. त्यांचा खांदा खुंट्याला टेकला. आणि त्यांच्याबरोबर त्यांचे हात आणि हातातला चेंडू रेषा ओलांडून आत गेले.

सरांना आपण काय काढलं ते तेव्हा कळलं आणि त्यांना पातेलं कुठं ठेवावं ते सुचेना. हंबीररावांनी मान वळवून रेषा बघायचा प्रयत्न केला. ती त्यांच्या छातीच्या पुढं होती. चाळीस वर्षं ज्याला त्याला खांद्याची खूण दाखवली, त्यात हा खुंटा कुठल्या बाजूला असतो हे एकानंही विचारलं नव्हतं. मग ते म्हणाले, “उठवा मला.”

एका हाताला जमादार लागले, दुसऱ्याला बाळासो. दुसरा हात कुणाचा आहे ते हंबीररावांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं नसल्यासारखं केलं. त्यांनी अंगावरची फक्की झटकली, आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले, चेंडू जमिनीवर ठेवला आणि पायाच्या आतल्या बाजूनं, अगदी टाचणात लिहिल्याप्रमाणं, समोर पास दिला. बाळासोंनी तो थांबवला.

“ढिला हाय पास,” बाळासो म्हणाले.

“गोलकीपर हाय मी,” हंबीरराव म्हणाले. “तेवढाच यायचा.”

उरलेल्या बारा मिनिटांत वीसच्या वीस विद्यार्थ्यांनी पास दिले. एकाचा काठीनं झाला, पण आतल्या बाजूनं.

पाठ संपला, सही राहिली. सही शोधता शोधता साडेअकरा वाजले. सरांनी महाविद्यालयाच्या शिपायाला विचारून पाहिलं, तो म्हणाला अनोळखी माणसाचा पालक कसा होऊ. विश्वजितनं फाईलला दोरा लावायला घेतला. तेवढ्यात हंबीरराव टेबलाशी आले, विश्वजितच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि कोरं संमतीपत्र पुढं ओढलं. पालकाचे नाव या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. सही केली. मग ‘विद्यार्थ्याशी नाते’ या रकान्यापाशी थांबले. विश्वजितनं सांगितलं की रकाना कोरा ठेवता येत नाही. हंबीररावांनी बाहेर टेम्पोच्या सावलीत बसलेल्या बाळासोंकडं पाहिलं, आणि वाकून, कंडक्टरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

यांनी मला गोल मारला आहे. १९८५.

सरांनी तो कागद बाळासोंना नेऊन दाखवला. बाळासोंनी खिशातून चष्मा काढला, दोनदा वाचलं, आणि लाल डोळे हाताच्या पाठीनं पुसले. ते डोळे नेहमीच पाणावलेले असायचे, त्यामुळं त्यावरून काही सांगता येत नाही.

“साल लिवलंस,” ते टेबलापर्यंत येऊन म्हणाले. “शेवटचं मिनिट हुतं, ते बी लिव की.”

“रकान्यात जागा न्हाय,” हंबीरराव म्हणाले.

विश्वजितनं कागद हातात घेऊन शंका काढली की विद्यार्थी एक्काहत्तरचा आणि पालक अडुसष्टचा, हे कसं. त्यानं नियमावली उघडली. मॅडमनी ती मिटली आणि शिक्का त्याच्या हातात दिला. बाराला दहा कमी होते.

निकाल दहा जूनला लागला. अखेरच्या पाठात सरांना शंभरपैकी चौपन्न गुण मिळाले. ‘हुकूम देणे’ यात दोन, ‘शैक्षणिक साधनांचा वापर’ यात पैकीच्या पैकी. प्रमाणपत्र घेऊन सर थेट मुख्याध्यापकांकडं गेले, आणि चंदगडची जागा दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेली. शाळेतली मुलं त्यांच्या ‘सावधान’ला अजूनही हसतात. त्यांना गप्प करायचं झालं की सर मैदानावर फक्की घेऊन उतरतात. जूनच्या शेवटाला भैरवी उरलेली मिरची घेऊन पहिल्यांदा बाळासोंच्या डंकावर गेली. बाळासोंनी तिला नंबर असेल तसं थांबवलं.

हंबीरराव मात्र मध्ये एकदा, कुणाला न सांगता, एसटीनं महाविद्यालयात जाऊन आले. ते संमतीपत्र परत मिळतं का, म्हणून विचारायला. विश्वजितनं सांगितलं, मूळ प्रत परत देता येत नाही, ती फाईलला लावून विद्यापीठात जाते. तेव्हा तो गोल आता विद्यापीठाच्या दप्तरी आहे.